तानीबाईंच्या रानात गेलेला चिखल

मी एक जुनी चाळण आहे, मित्रांनो. पिठाची नव्हे हं! मी ट्रॉलीवर बसवलेली, मोटारीवर थडथडणारी लोखंडी चाळण. रस्ता न फोडता खालून पाइप घालायचा असेल, तर ड्रिलचं यंत्र आडवं भोक पाडतं. भोक ढासळू नये म्हणून त्यात बेंटोनाइट नावाच्या मातीचा पातळ चिखल सोडतात. तो खडे-वाळू घेऊन बाहेर येतो आणि माझ्यावर पडतो. मी खडे बाजूला टाकते, चांगला चिखल पुन्हा भोकात जातो. पाणी वाचतं, कुणाच्या दारात घाण होत नाही.

हिंडलग्याच्या कामावर ऑपरेटर भीमसेनअण्णा रोज माझी जाळी धुवायचे. "हिच्या जिवावर चाललंय बघा सगळं," असं चारचौघांत म्हणायचे. मला लई बरं वाटायचं.

मग आम्ही संकेश्वरच्या पुढं, निपाणीच्या वाटेवर हायवेखाली पाइपलाइन घालायला आलो. तिथं माझी जाळी फाटली. अण्णांनी नवी मागितली. सुपरवायझर मारुतीराव म्हणाले, "जाळीची वाट कोण बघत बसतंय? हिला बंद ठेवा. चिखल टाका कुठंतरी." झालं! मला ताडपत्रीखाली ढकललं. जाळी फाटली म्हणून अख्खी चाळणच बंद? सांगा तुम्हीच!

शेजारीच तानीबाईंचं वीस गुंठे रान होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या तंबाखूत राबल्यावर हे रान त्यांच्या नावावर झालेलं. तिथं मिरची लावायची होती. आमच्या भागात तळ्यातला गाळ रानात टाकतात, पीक जोरात येतं. आमचा राखाडी, मऊ चिखल बघून त्या म्हणाल्या, "सायेब, ह्यो गाळ माझ्या रानात टाकता का?"

हा गाळ नव्हे! बेंटोनाइट जमिनीतली बारीक छिद्रं बुजवतो, तेच त्याचं काम. मारुतीरावांना हे पक्कं ठाऊक होतं. तरी हसून म्हणाले, "टाकतो की आक्का. सोनं हाय सोनं!" अरे, बोलताना जीभ कशी झडली नाही? आणि माझं कौतुक करणारे भीमसेनअण्णा? ते खाली मान घालून उभे राहिले. त्यांच्यावरही माझा राग आहे.

थोड्याच दिवसांत रान सारवल्यागत झालं. पाणी दिलं की वरच उभं राहायचं. मिरचीची रोपं पिवळी पडून कुजली. तानीबाई हातात ढेकूळ घेऊन आल्या. "व्हय रं, सोनं म्हनालतास न्हवं? माझं रान गुदमारलं की रं!"

"तुम्हीच मागितलासा की," मारुतीराव म्हणाले. ऐकलंत?

तानीबाई ड्रिलच्या पुढ्यात बसल्या. "ह्यो सगळा उचल. तवर मशीन चालू व्हनार न्हाय." गाव जमलं, तेव्हा मारुतीराव नरमले. नवी जाळीही लगेच मिळाली बरं का! जेसीबीनं रान खरवडलं. तो चिखल भोकात पुन्हा वापरायला पाण्यात कालवून माझ्यावर ओतला.

जाळीवर मिरचीची मुळं आणि मेलेली गांडुळं उरली. तानीबाईंची काळी माती चिखलाबरोबर जाळीतून खाली उतरली आणि हायवेखालच्या भोकात गेली. खडा मला वेगळा काढता येतो, मित्रांनो, ती माती नाही काढता आली.

तानीबाई जाळीवर वाकल्या. "माझी माती कुठं हाय गं?" त्यांनी मलाच विचारलं.

मी नुसती थडथडत राहिले. मला वेळेवर दुरुस्त करा रे! मागाहून कितीही चाळलं, तरी त्या बाईला मी काय देऊ?