ओल्या चादरींची गाडी

फिटरने चौथं चाक आवळलं आणि पाना हातात धरून तो फरशीवरच बसून राहिला. उठायचं जिवावर आलं होतं. एकाच गाडीची चाकं आठवड्यात तिसऱ्यांदा बदलून झाली होती.

गाडी रुग्णालयाच्या धुलाईघरातली, आणि ती ढकलणारी त्याची थोरली बहीण. निवृत्तीला तिची दोन वर्षं उरली होती. तिचा उजवा खांदा दुखावल्यापासून मुकादम तिच्या मागे लागला होता. सकाळी त्याने बजावलं होतं, "आज भरली गाडी एकटीने रॅम्प चढवा. नाही जमलं तर उद्यापासून दुसरी बाई."

पहिली चाकं कडक नायलॉनची. त्यांनी वॉर्डाबाहेर असा खडखडाट केला की परिचारिकेने फिटरला फैलावर घेतलं. मग मऊ रबराची बसवली. मोकळी गाडी त्याने एका बोटाने ढकलून दाखवली, सगळ्यांनी माना डोलावल्या. इथे सगळं मोकळंच तपासायची पद्धत. ओल्या चादरी पडल्या तसं रबर दबलं आणि गाडी जागची हलेना. आता ही तिसरी चाकं: आकाराने मोठी, टणक पण बिनआवाजी. पुढची दोन कुठेही वळणारी, फिरती; मागची दोन फक्त सरळ धावणारी.

"झालं का रे?" ताई दारात उभी होती.

"झालं."

"मागेही असंच म्हणालास. बोट तुझं होतं, खांदा माझा."

फिटरने गाडी ओल्या चादरींनी काठोकाठ भरली आणि स्वतः ढकलत रॅम्पवर घेतली. सरळ चढ ठीक गेला. वरच्या वळणावर मात्र गाडी आडमुठी झाली. मागची सरळ चाकं बाजूला सरकेनात, सगळा जोर उजव्या खांद्यात आला. त्याच्या धडधाकट खांद्यातसुद्धा कळ गेली.

"आता?" ताईने विचारलं. आवाजात राग नव्हता, फक्त थकवा होता.

"उलट्या बाजूने ढकलून बघतो. फिरती चाकं आपल्याकडे हवी होती."

"तिकडे दांडा कुठंय?"

"काठ धरायचा."

दुसऱ्या खेपेला गाडी वळणावर नुसतं पाऊल बदलल्याने वळली. दांडा काढून इकडे लावायला वेळ नव्हता. मुकादम हातातलं घड्याळ बघत येतच होता.

त्याने गाडी पुन्हा खाली आणली. ताईने पदर खोचला, काठ धरला. अर्ध्या चढावर ती थांबली. फिटरचा पाय आपोआप पुढे पडला.

"तू तिथेच राहा," ती मागे न बघता म्हणाली. श्वास घेतला, पुन्हा रेटा दिला. वळण आलं, गेलं. गाडी वर पोहोचली.

मुकादमाने रिकाम्या दांड्याकडे पाहिलं. "उलटी का नेलीत?"

"सुलटी बाजू हीच आहे," ताई म्हणाली.

"बरं. उद्या वेळेवर या." जाता जाता तो फिटरकडे वळला. "बाकीच्या अकरा गाड्याही अशाच करून टाका."

फिटरने पाना उचलला. ताई चादरी उतरवायला लागली होती, डाव्या हाताने.