जिभेची हद्द

नीलम्मानं आंबिलीचा पेला लोटून दिला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. सुनेच्या हातचा घोटही घ्यायचा नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. रीत म्हणून काही असते की नाही? मुंबईच्या दवाखान्यात उमादेवी चार बाप्यांत, खुद्द चुलतसासऱ्यादेखत बोलली होती. परतताना विद्यापीठ नामांतराच्या धामधुमीत नीलम्मा, लेक बसवंत आणि सून यांची एसटी परभणीतच अडकून पडली, पण तेच चुलतसासरे, म्हणजे नीलम्माचे दीर ईश्वरअप्पा, आधी परतलेले. त्यामुळं ही बातमी यांच्या अगोदर गावात, बोरीत पोचली होती.

एरवी नीलम्मानं अशा सुनेची सालटी काढली असती. पण जिभेच्या कडेची कॅन्सरची गाठ काढल्यापासून ती गप्प होती. टाके सुटले, डॉक्टरांनी बोलायची मोकळीकही दिली. तरी तिनं ओठ उघडले नव्हते. आतल्या आत जीभ टाळूला लावून बघायची आणि थांबायची. जिच्या बोलण्यानं गल्ली हादरायची, तिच्या तोंडून लेकरासारखं बोबडं निघालं तर? त्यापरीस मुकी बरी. वाचा गेली, असं घरानं धरूनच टाकलं होतं.

ईश्वरअप्पा आले, उंबऱ्याशी टेकले. लवंडलेला पेला त्यांनी बघितला.

"वयनी, सुनंवर लय राग दिसायलाय."

नीलम्मानं चुलीकडं बोट केलं, डोक्यावरचा पदर ओढून दाखवला आणि कपाळावर हात मारला.

"व्हय, बोलली. पन काय बोलली ते कुनी सांगितलं का तुमाला?"

नीलम्माचा हात कपाळावरच राहिला.

"तुमाला आत निजवलं व्हतं. डागदर भाईर आला. म्हनला, जिभेवर निळा उजेड टाकलाय. चांगलं मांस उजळून जवाब देतंय, रोगट काळंच ऱ्हातंय. परत आलेल्या उजेडातले रंग यंत्र निवडतंय म्हनं, आपून सुपात तूर निवडतो तसं. तर यंत्र म्हनायलंय, कडंची थोडीच काढा. पन माझी नजर म्हनायलीय, निम्मी जीभ काढावी. यंत्र नवं हाय. त्याचं ऐकलं अन् रोग मागं ऱ्हायला, तर दुसऱ्यांदा चिरावं लागंल. बोला."

ईश्वरअप्पांनी नजर खाली केली. "आमी बाप्ये म्हनलो, निम्मी काढा. एकदाचं निपटू द्या. बसवंतानंबी मान हालवली."

पोटच्या लेकानं! नीलम्माची नजर दारातून अंगणात गेली आणि परत आली.

"तवा ही भिताडाकडं तोंड करून बोलली. म्हनली, उजेड म्हनतोय तितंच थांबा. पुन्ना चिरायची येळ आली तर म्या हाय त्यांच्याजवळ. पन आत्याबाईंनी दोन शिव्या घातल्याबिगर माज्या चुलीत जाळ धरत न्हाई."

ईश्वरअप्पा हसले, मग उपरण्यानं डोळे पुसले.

"डागदर हासतच आत गेला. काढलेल्या तुकड्याची कड तितंच तपासली. साफ निघाली."

नीलम्मा बाजेच्या सुंभावरून बोटं फिरवत राहिली. सून या घरात आली तेव्हापासून त्या शिव्या तिच्याच वाट्याला होत्या. गप बसली असती तर सुटली असती.

उमादेवी मान खाली घालून आली, पेला उचलला आणि पदरातच काहीतरी पुटपुटली.

नीलम्मानं तिचं मनगट धरलं. जीभ टाळूला लागली, घसरली, पुन्हा लागली. आवाज जाड आला, शब्द कडेला लोळत आले. पण ईश्वरअप्पा उंबऱ्यावर ताठ झाले.

"उमे, पदरात काय पुटपुटतीस? माज्या घरात बोलायचं तर खनखनीत बोलायचं."