मंगलाष्टकांसाठी लावलेला सा

तुम्ही यावर विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच लिहून देतो. ठेवलात तर मलाच तुमची काळजी वाटेल. पण माझ्या एका 'सा'नं बनारसला पंचगंगा घाटासमोर भर गंगेत मोटरबोट थांबली होती, आणि बोटवाला इंजिन बंद करून, हात तोंडाशी धरून खालून विचारत होता, "का हो चचा, के मर गयल?"

कोणी मेलं नव्हतं. मी गाणं शिकत होतो.

परवा बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर उन्हाला बसलो होतो, तेव्हा हे मी सांगायला घेतलं. ऐकायला ढुंढिराज होता. आमच्याच दूधविनायक गल्लीतला, पार्सल ऑफिसातून रिटायर झालेला, माझा लंगोटीयार, आणि शत्रूही तोच. दुसरा विश्वजीत, साताऱ्याहून बदली होऊन आलेला बँकेतला मुलगा. बनारस त्याला नवं, म्हणून त्याच्याशी मी जरा बेतानं खोटं बोलतो. दोन पायऱ्या वर मधुरा. माझ्या पुतण्याची, रत्नाकरची मुलगी, म्हणजे माझी नातच. मार्गशीर्षात लग्न झालं आणि आता चार दिवस माहेरी आली होती. कानात फोनच्या तारा, नजर नदीवर. आमच्याकडे पाठ.

"गाणं? तू?" ढुंढिराज म्हणाला. "दत्तू, तुझ्या गाण्यावर गल्लीत एकदा पंचायत बसली होती."

"बसली होती ना? मग ऐक, मला राग का आला ते."

आमच्यात लग्नाला मंगलाष्टकं घरच्यांनी म्हणायची रीत आहे. अंतरपाट धरला, दोन बाजूंना दोघं उभी राहिली, की घरातलं माणूस स्वतः रचलेली कडवी म्हणतं. त्यात कुलदैवत येतं, आजी-पणजी येते, गंगा तर येतेच. प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'सावधान' आलं की लोक अक्षता टाकतात. गल्लीतल्या लग्नांत पन्नास वर्षं हे काम माझं. रेल्वेत गार्ड होतो मी. आवाज असा, की एकदा मुगलसरायजवळ धुक्यात इंजिनाचा भोंगा बिघडला, तेव्हा ड्रायव्हरनं मला पुढं नेऊन बसवलं आणि अलाहाबादपर्यंत फाटकं मी बंद करवली.

"अलाहाबादपर्यंत?" विश्वजीत म्हणाला.

"मिर्झापूरला चहा घ्यायला थांबलो होतो."

तर तीन वर्षांपूर्वी, ढुंढिराजाच्या वैदेहीचं लग्न. याच्याच मुलीचं. मी तिसऱ्या कडव्यात होतो, अजून सहा बाकी. श्वास घ्यायला क्षणभर थांबलो, आणि तेवढ्यात गुरुजींनी खणखणीत 'शुभमंगल सावधान' म्हणून टाकलं! ओळीच्या मध्यात! लगेच बाजा सुरू. लोकांच्या मुठीत होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या अक्षता उडाल्या, त्यातल्या निम्म्या माझ्या तोंडात. अंतरपाट खाली. आणि मी मांडवात आ वासून उभा, दाढेखाली तांदूळ.

"मुहूर्त टळत होता," ढुंढिराज म्हणाला.

"मुहूर्त गेला चुलीत! गाडीला सिग्नल मिळायच्या आत कोणी झेंडी दाखवतं का? तुझ्या मुलीच्या पाच पिढ्या मी यमकात बसवल्या होत्या. पाच! तू गुरुजींना डोळ्यानं खुणावलंस. मी पाहिलं."

"दुसऱ्या कडव्यापासून खुणावत होतो," तो म्हणाला. "त्यांनीच उशीर केला."

हा माणूस माझा मित्र. बघा.

मग मधुराचं लग्न ठरलं. मुलाकडचे ग्वाल्हेरचे, त्यांच्या हट्टानं लग्न तिकडेच, इथून फक्त घरचेच जाणार. मी वही उघडली, रचायला बसलो. त्या संध्याकाळी रत्नाकर जेवताना म्हणतो, "काका, यंदा तुम्ही पहिल्या रांगेत आरामात बसा. मंगलाष्टकं स्पीकरवर लावू. रेकॉर्डिंग मिळतं, नावं घालूनसुद्धा देतात."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ताट सरकवलं मी. म्हटलं, "रेकॉर्डिंग लाव. सप्तपदीही व्हिडिओवर दाखव. नवरीला तरी नेणार आहेस ना, की तिचाही फोटो टेकवून ठेवणार?"

त्यालाही चढला राग. आमच्या घराण्यात तो सगळ्यांना वाटून येतो. म्हणाला, "सूर लागत नाही तुमचा, काका. आजवर कोणी तोंडावर बोललं नाही, मी बोलतो. एखाद्या शिकवणाऱ्यानं सांगू दे की लागतो. मी स्वतः तुमच्या हातात माइक देईन."

"देशील?"

"देईन."

दुसऱ्या दिवशी मधुरानं माझा फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला. "दत्तूआजोबा, ऑनलाइन क्लास आहे. नाशिकची हिमानी मॅडम. रोज पाच बजे. झगडा नाही करायचा तिच्याशी."

मॅडमचं वय चोवीस. माझा गार्डाचा कोट तिच्यापेक्षा जुना आहे. पहिल्याच दिवशी तिनं गाणं सोडून भलतंच सांगितलं. म्हणाली, "काका, ओठ सैल सोडा आणि घोडा फुरफुरतो तसं करा." पन्नास वर्षं मंगलाष्टकं म्हटलेल्या माणसाला घोडा व्हायला सांगते! रागारागानं केलं. तर तिसऱ्या दिवशी गल्लीतला सांड दारात हजर. मी फुर्र केलं, की तोही फुर्र. पाच वाजले की येऊन उभा. हिमानी म्हणाली, "काका, मागं आणखी कोण शिकतंय? त्यांचा श्वास छान पोटातून येतोय."

विश्वजीत हसत सुटला. "मग सांड पुढं शिकला का?"

"सोडलं त्यानं. चिकाटी नाही त्या जातीत."

मग आला 'सा'. तिनं तिकडून तंबोऱ्याचा आवाज ऐकवला, म्हणाली, "यात मिसळा." मी डोळे मिटले आणि लावला. खिडकीतला कबुतरांचा थवा उठला. डोळे उघडून बघतो, तर ही पोरगी शांतपणे कान देऊन बसलेली. म्हणते, "काका, लाजू नका. गा ना."

मी पुन्हा लावला. शेजारच्या गीतावहिनींनी भिंत ठोकली.

"काका, ओठ हलताना दिसतात. जरा मोकळा आवाज काढा."

मोकळा! माझ्या गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या झालेल्या, आणि हिला मोकळा हवा! अकरा दिवस हे चाललं. बोललं की हिला ऐकू येतं, "नमस्कार काका, जेवलात का?" सगळं नीट. गायला लागलो की म्हणते, लाजू नका. मी दिवसेंदिवस चढवत गेलो. सहाव्या दिवशी माकडं गच्ची सोडून मुन्शी घाटाकडे राहायला गेली. नवव्या दिवशी ती मोटरबोट थांबली. अकराव्या दिवशी रत्नाकर ऑफिसातून लवकर सुटून आला आणि दारातच ओरडला, "काका, पोलिसांना गल्लीतून तीन फोन गेलेत!"

"आणि ही म्हणते मी लाजतो!" मी फोन उचलून त्याच्या अंगावर धरला. "विचार हिला!"

शेवटी मधुरानं फोन हातात घेतला, दोन ठिकाणी बोट लावलं आणि कपाळावर हात मारला. त्या फोनात एक सोय असते म्हणे, गोंगाट गाळण्याची. पंखा, मोटार, भोंगा, असा लांबलचक एकसारखा आवाज आला की तो परस्पर कापून टाकायचा आणि माणसाचं बोलणं तेवढं पुढं पाठवायचं. माझं "जेवलो" त्यानं नाशिकला पोचवलं. माझा 'सा' पंखा समजून फेकून दिला.

हसू नका. हसण्यासारखं काय आहे त्यात? गुरुजींनी कापलं, ते निदान माणूस होते, त्यांना पुढचं लग्न गाठायचं होतं. या डबड्याला कुठं जायचं होतं? मी गल्लीभर आरडाओरडा केला त्या दिवशी. म्हटलं, ज्यानं हे यंत्र केलं त्याला माझ्यासमोर आणा, त्याच्या कानात मी नऊ कडवी म्हणतो.

"मग त्या मॅडमनी ऐकलं की नाही?" विश्वजीतनं विचारलं.

ऐकलं. मधुरानं ती सोय बंद केली. मी अकरा दिवसांच्या सवयीनं, बोट थांबवणारा तो 'सा' सोडला. हिमानीनं दोन्ही हातांनी कानावरची ती टोपडी उपटून काढली.

"का?" ढुंढिराज.

"आनंदानं."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, असा आवाज मी आजवर ऐकला नाही."

ढुंढिराज मांडीवर नुसती बोटं वाजवत राहिला.

मग तिनं एक आगाऊपणा केला. माझं गाणं तिकडून टिपून घेतलं आणि मलाच ऐकवलं. मी लगेच म्हटलं, हा मी नाही. यंत्रानं दुसऱ्याच कुणाचा आवाज घुसडलाय. तिनं पुन्हा लावलं. वैदेहीच्याच लग्नातलं कडवं होतं, माझंच रचलेलं. कोणीतरी ते म्हणत होतं. सूर एकीकडे, तो दुसरीकडे. जिना चुकलेल्या माणसासारखा एकेक पायरी सोडून पडत होता. मी फोन पालथा घातला आणि दोन दिवस क्लासला बसलो नाही.

सांगा ना, पन्नास वर्षं! गल्लीतल्या एकाला तोंड नव्हतं? पुरणपोळी खायला तोंड होतं, "वा दत्तूभाऊ" म्हणायला तोंड होतं. मूठभर अक्षता फेकून सगळे मोकळे! ढुंढिराज, तू तर गाणं जाणतोस. तुझ्याकडे पेटी आहे. तू कधी बोललास?

"तू ऐकलं असतंस?" तो हळूच म्हणाला.

"नसतं ऐकलं! म्हणून बोलायचं नाही? गाडी चुकीच्या रुळावर चाललीय, तर गार्ड रागावेल म्हणून गप्प बसायचं?"

तिसऱ्या दिवशी बसलो. रागानंच बसलो. हिमानी म्हणाली, "काका, लहान आवाजात. शेजारी झोपलेत असं समजा." पेल्यातल्या पाण्यात नळीनं बुडबुडे काढायला लावले. मग 'सा'. लावायचा, थांबायचं, तंबोरा ऐकायचा, पुन्हा लावायचा. महिनाभर एवढंच. आणि एके दिवशी काय झालं, की तंबोरा चालू होता आणि माझा आवाज कुठं गेला ते मला समजेना. मी गात होतो, पण निराळा असा ऐकूच येईना. घाबरून थांबलो. हिमानी तिकडून ओरडली, "लागला होता काका! थांबलात का?"

दोन श्वासांएवढा लागला असेल. तेवढाच. पुढं कधी लागायचा, कधी नाही. पण आता चुकला की मला कळायचं. ही मोठी पीडा. आधी बरं होतं.

"लग्नाच्या आधी रत्नाकरला त्या मॅडमनी काय सांगितलं?" ढुंढिराज मुद्द्याला चिकटलेला.

"खरं तेच. म्हणाली, सूर येतोय, वर्षभर लागेल पक्का व्हायला. रत्नाकर म्हणाला, मग स्पीकर. तर ही," मी वर बोट दाखवलं, "ही बापासमोर उभी राहिली. म्हणाली, आजोबा गाणार नसतील तर अंतरपाट धरूच नका. असं भांडण झालं की स्वयंपाकघरातली भांडी आपोआप खाली आली. शेवटी रत्नाकरनं हात जोडले."

"आणि ग्वाल्हेरला?" विश्वजीत पुढं सरकला.

"ग्वाल्हेरला मोठा मांडव. चारशे माणूस. सगळे गाण्यातले, ते गावच तसलं. अंतरपाट धरला. रत्नाकरनं शब्द पाळला, स्वतः येऊन माझ्या हातात माइक दिला."

"मग?"

"मग काय. गायलो. लहान आवाजात. तीनच कडवी म्हटली, बाकीची वहीत ठेवली. सूर जेवढा लागला तेवढा लागला. लोकांनी वेळच्या वेळी अक्षता टाकल्या. खाली बसलो."

ढुंढिराज माझ्याकडे बघत राहिला. "एवढंच? झुंबर फुटलं नाही? वरमाई बेशुद्ध नाही पडली? ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरून कोणी तोफ नाही उडवली?"

"नाही. साधंच झालं. गायलो आणि झालं."

वरच्या पायरीवर मधुरा उठून उभी राहिली होती. तारा तिनं केव्हाच कानातून काढून मुठीत धरल्या होत्या.

"खोटं," ती म्हणाली.

"तू तिकडं बघ, होड्या बघ."

"नाही बघणार. सांडाचं सांगितलंत, बंदरांचं सांगितलंत, मी चुप बसले. हे नाही चालणार." ती दोन पायऱ्या उतरून समोर आली. "मी तिथंच होते आजोबा, दो हाथ के फासले पर. पूरे घर से लडून तुमच्यासाठी स्पीकर बंद करवला होता मी. तुम्ही माइक घेतलात आणि नुसते उभे राहिलात. मी मान खाली घालून वाट बघत होते. बेसूर तर बेसूर, मला तेच ऐकायचं होतं, बचपन से वही सुना है. गुरुजींनी दोनदा तुमच्याकडे बघितलं आणि मग स्वतःच म्हणून टाकलं. तुम्ही गायलाच नाहीत. तोंडसुद्धा उघडलं नाहीत."