संमतीचा रकाना

ज्याला कॉम्प्युटर दुरुस्त करता येतो, त्याला तो दुरुस्त न करणंही तितकंच झकास जमतं. हे शहाणपण तेजस्विनीला ओतूरच्या एसटी स्टँडमागे सायबर कॅफे चालवायला लागून तीन वर्षं झाल्यावर आलं, दोन हजार पाचच्या मे महिन्यात. गिऱ्हाइकाशी तिने असली लबाडी कधी केली नव्हती. केली ती सख्ख्या थोरल्या बहिणीशी, आणि तीही डोकं तुळतुळीत केलेल्या, करड्या वस्त्रांतल्या बहिणीशी. वर खोटं न बोलण्याचं शील रोज सकाळी त्याच बहिणीमागून म्हणायचं!

बहीण म्हणजे प्रज्ञा. चार वर्षांपूर्वी ती तैवानातल्या एका भिक्खुणींच्या विहारात शिकायला गेली आणि तिथेच श्रामणेरी, म्हणजे शिकाऊ भिक्खुणी, झाली. आता ती महिन्याभरासाठी घरी आली होती. येत्या हिवाळ्यात तिची पूर्ण दीक्षा होती, आणि त्यानंतर घर सुटलं ते सुटलं. दीक्षेला आईवडलांची संमती लागते, हा बुद्धाच्या काळापासूनचा नियम. ती घ्यायलाच तिला पाठवलं होतं. वडील भागुजींनी, म्हणजे मुलींच्या दादांनी, ती छाती फुगवून दिली होती. आई आक्काबाईला कुणी नीट विचारलंच नव्हतं. ती गप्प बसली म्हणजे हो, असं घरात धरलं जायचं. आता दोघांची संमती विहाराच्या वेबसाइटवर चिनी अक्षरांत भरायची होती, आणि शुक्रवार ही शेवटची तारीख होती. तेजस्विनीच्या मशीनवर तर ते पान उघडलं की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन यायचे, शेतात वाफे पाडल्यासारखे.

उपाय साधा होता. विंडोजची सीडी घालायची, भाषांच्या यादीत पूर्व आशियाई भाषांपुढे टिचकी मारायची आणि मशीन बंद करून चालू करायचं. अर्ध्या तासाचं काम. सीडी तेजस्विनीपाशी होती. पण शनिवारी प्रज्ञाने चौकोन दाखवले, त्याच संध्याकाळी तिने ती घरी नेली, गोधड्यांच्या घडीत सारली आणि सांगितलं, "सीडी पुण्याला एकाला दिलीय. येईल चार दिवसांत."

हे तिने का केलं, ते घरी पाहिलं की कळायचं. घरात प्रज्ञा नव्हतीच, घरात आर्याजी होत्या. भागुजी गवंडी, आणि नियमाच्या बाबतीत ओळंब्यासारखे सरळ. लेक यायच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, "आता ती आपली पोरगी ऱ्हायली न्हाई. वाकून वंदन करायचं, आर्याजी म्हणायचं, आनि अंगाला हात लावायचा न्हाई. मी इचारून आलोय." त्याप्रमाणे एसटीतून उतरलेल्या लेकीपुढे आक्काबाईने स्टँडवरच गुडघे टेकले. लेक तिला उठवायला पुढे झाली तशी ती मागे सरकली. चार वर्षं जिची वाट पाहिली, तिच्यापासून दोन हात लांब राहून ती पाणी द्यायची, तांब्या जमिनीवर ठेवून.

त्यात तैवानच्या विहाराला कांदा-लसूण वर्ज्य. अख्ख्या ओतुरात कांद्याच्या चाळी भरलेल्या, आणि आक्काबाई बिनकांद्याची आमटी ढवळत बसलेली. शेजारची शीला म्हणाली, "आक्का, लेक भिक्खुणी झाली का माळकरीण?" आक्काबाई हसली नाही. रात्री सगळे झोपले की लेकीची वाळत घातलेली करडी वस्त्रं ती हाताने सारखी करायची, पुन्हा पुन्हा. तेजस्विनीने ते दोनदा पाहिलं होतं.

दुकानात मात्र वेगळंच घडायचं. मशीन अडलं की माणसाला मानपान आठवत नाहीत. "तिथं नको दाबू गं, सगळं जाईल!" असं तेजस्विनी खेकसायची, आणि आर्याजी चक्क "बरं बाई, तू कर" म्हणून तोंड वाकडं करायच्या. तेव्हा ती प्रज्ञाताई असायची. म्हणून तेजस्विनी बिघाड पुरवून पुरवून वापरत होती. सोमवारी लाइट गेली, ती खरंच गेली होती. मंगळवारी तिने चिनी अक्षरांचा फॉन्ट इंटरनेटवरून उतरवायला लावला. फोनच्या लाइनवर त्याला सात तास दाखवत होते आणि पाचव्या तासाला लाइन तुटली. बुधवारी तो उतरला. पानावरचं वाचता यायला लागलं, लिहिता मात्र येईना.

"वाचता येतं तर लिहिता का येत नाही?" प्रज्ञाने विचारलं.

"फॉन्ट नुसता दाखवायचं काम करतो. लिहायचं यंत्र वेगळं, ते सीडीतच असतं," तेजस्विनी म्हणाली, आणि हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

त्या पाच दिवसांत त्या दोघी किती बोलल्या! तिकडच्या थंडीबद्दल, पहाटे साडेतीनच्या घंटेबद्दल, वर्गात सगळ्यांत मागे बसून रडलेल्या पहिल्या वर्षाबद्दल. तेजस्विनीला ताई हवी होती, दुसरं काही नको होतं. शुक्रवार उलटला तर दीक्षा वर्षभर पुढे जाईल, वर्षभरात ताईचं मन फिरेल, असा तिचा हिशेब होता. आपण करतोय ते पाप आहे हेही तिला माहीत होतं.

गुरुवारी दुपारी आक्काबाई दुकानात आली. इतक्या वर्षांत ती कधी आत आली नव्हती. तिने दारातच चपला काढल्या, प्रज्ञाला लांबून वंदन केलं आणि पदराखालून सीडी काढून तेजस्विनीपुढे धरली.

"गोधड्या उन्हात टाकल्या. त्यात ह्ये घावलं. ह्येच पायजे ना तुला?"

तेजस्विनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रज्ञाने सीडीकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं.

"आई, तुला कळतंय का?" तेजस्विनी शेवटी चिडूनच म्हणाली. "हे लागलं की ती गेली."

"कळतंय की. मी काय येडी हाय?" आक्काबाई म्हणाली. "चार वर्सं मी बी ह्येच मागत व्हते, की तिचं तिकडं काय तरी बिनसावं. पर असं अडवून ठिवलेलं मानूस घरात ऱ्हातं व्हय? लाव ती."

सीडी लागली. मशीन बंद होऊन चालू झालं. पण दाबावं एक आणि उमटावं भलतंच. प्रज्ञा कपाळाला हात लावून म्हणाली, "तिथल्या बटणांवर चिनी उच्चारांच्या खुणा छापलेल्या असतात. मी बघून बघून दाबते. इथं कुठली खूण कुठं ते मला नाही सांगता यायचं." आता लबाडीला जागा उरली नव्हती. तेजस्विनीने सेटिंगची एकेक खिडकी उघडत नेली, आणि इंग्रजी अक्षरांनी उच्चार लिहायची सोय तिला सापडली. उच्चार लिहिला की खाली अक्षरांची रांग यायची, त्यातलं हवं ते आकडा दाबून उचलायचं.

"बोला," प्रज्ञा आईला म्हणाली. "दादांचा रकाना मी भरला. तुमच्या रकान्यात, तुम्ही संमती देता, एवढं म्हटलं तरी पुरे."

"एवढंच कसं? पोरगी देताना कोन एवढंच बोलतं?" आक्काबाई स्टुलावर सरसावून बसली. "त्या तुमच्या मोठ्या बाईंना लिवा. म्हनावं, पोरगी तुमच्या वटीत घातली. हिला ताप आला तर ही सांगत न्हाई, तुमीच हात लावून बगा. थंडीत हिचा कान दुखतो, कापूस घाला. भूक लागली तरी मागायची न्हाई, वाढत जावा. चुकली तर रागवा, पर उपाशी झोपवू नका."

प्रज्ञा भराभर लिहीत होती. कानदुखीच्या वाक्याशी आल्यावर तिचं बोट चुकून भलत्याच बटणावर पडलं आणि चिनी थांबून इंग्रजी अक्षरं धावायला लागली. तिला दिसतही नसावं, डोळे भरले होते. तेजस्विनीने सवयीने तिच्या हातावर हात ठेवून बटण दाबलं, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"चुकलं आर्याजी. हात लागला."

"लागला तर काय झालं?"

"तुम्हाला शिवायचं नाही ना," तेजस्विनी म्हणाली.

प्रज्ञा पुरती वळली. "काय म्हणालीस? कोण म्हणालं?"

"दादा."

"आपल्या घरात?" प्रज्ञाचा आवाज चढला, आणि चार वर्षांनी तो ओतूरचा झाला. "आपल्या घरात, कुनी कुनाला शिवायचं न्हाई? आपली आजी वरून वतलेलं पानी वंजळीनं प्यायली, आनि आई, तू मला तांब्या खाली ठिवतीस? अगं, त्यो नेम बाप्यांपुरता हाय! बाईनं बाईला हात लावायला कुटंच बंदी न्हाई. मला वाटलं, तुमी रागावलाय. मी टाकून गेले म्हनून हात बी लावत न्हाई."

आक्काबाई उठली. जवळ येऊन तिने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, आधी नुसती बोटं, मग सगळा पंजा. आठवड्याचे खुंट उगवले होते, ते तिच्या हाताला टोचले. कानामागून हात फिरवत ती लहान मुलासारखी रडली, आणि दोन्ही मुली तिच्यासोबत रडल्या.

"लिवून झालं का?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"झालं."

"मंग धाड."

प्रज्ञाने बटण दाबलं. पान हळूहळू बदललं आणि मिळाल्याची दोन ओळींची पोच आली. तेजस्विनीने ती वाचून घेतली नाही.

आक्काबाईला काहीतरी सुचलं. "आनि ह्यांना?" तिने विचारलं. "तुज्या दादांना शिवायला चालतंय का?"

प्रज्ञाने मान हलवली. "नाही. त्यांना नाही चालायचं."

आक्काबाई म्हणाली, "मंग घरी ह्ये कुनी काढायचं न्हाई. आर्याजी, तुमी बोलू नका, तुमाला खोटं चालत न्हाई. इचारलं तर मी सांगंन, सगळ्यांनाच बंदी हाय म्हनून. त्या मानसानं एकट्यानंच कसं लांब ऱ्हायचं?"

तिने डाव्या हाताने पदर घेऊन डोळे पुसले. उजवा अजून लेकीच्या डोक्यावरच होता.