आंबाडखिंडीत दोन जिवांची गाडी

गाडी जागची हलली तेव्हा जाईबाईंना ते कळलंच नाही. धूर नाही, घरघर नाही. बाजारात येण्याआधी रूप कळू नये म्हणून काळ्यापांढऱ्या नागमोडी पट्ट्यांनी अंग झाकलेली, जेमतेम कमरेएवढी उंच गाडी भोरच्या बाहेर पडून आंबाडखिंडीच्या घाटाकडे नुसती सरकत निघाली.

"अगं, चालू तरी केली का त्या ड्रायव्हर आसिफनं?"

"केली, आजी. आत्ता ती बॅटरीवर आहे," नात संजीवनी म्हणाली. "चढाला मागचं इंजिन जागं होईल. पुढची चाकं मोटार ओढणार, मागची इंजिन ढकलणार."

"म्हंजी एका गाडीत दोन जीव!"

संजीवनी हसली, पण डोळे मांडीवरच्या लॅपटॉपवर. बॅटरी थंड ठेवायची सगळी योजना तिची होती. गाडीच्या दोन्ही कुशींना हवा ओढून घेणारी तोंडंही तिनंच आखलेली. आज घाटात बॅटरी फार तापली, तर तिची योजना रद्द होऊन परदेशी कंपनीची येणार होती. गाडीची चाचणी घेणाऱ्या पथकाच्या प्रमुख यास्मिन मॅडमनी तसं स्पष्टच सांगितलं होतं.

त्यांच्यासह तिघी मागून टेम्पोतून येत होत्या. जाईबाईंना प्रत्येक वळण पाठ होतं, म्हणून संजीवनीनं त्यांना बरोबर घेतलं होतं. त्यांचे मालक कोंडिबा हे भोरच्या एसटी डेपोत ड्रायव्हर होते. याच चढाला त्यांची एसटी धापा टाकायची. रेडिएटर उकळला की कंडक्टर डबा घेऊन ओढ्याकडे पळायचा, उतारू चाकामागं दगड लावायचे आणि झाडाखाली शिदोऱ्या सुटायच्या. गाडी निवायला लागेल तेवढा वेळ लागो, कुणाची तक्रार नसे.

पुढं चढ लागला आणि इंजिन जागं झालं. सगळी दरी त्या आवाजानं भरून गेली. वळणावर गाडी एसटीसारखी कलली नाही की डगमगली नाही. रस्त्याला चिकटून ती अशी वर गेली, की जाईबाईंचा हात आपोआप छातीशी गेला.

"आई गं!"

"मॅडम, बॅटरीची उजवी बाजू तापतेय," संजीवनीचा आवाज बारीक झाला. "डावी मात्र ठीक आहे."

"थांबवायची?"

"नको. बघा, गाडीनं स्वतःच बॅटरीवरचा भार कमी केला. इंजिन जास्त ओढतंय आता."

लॅपटॉपवरचा तापमानाचा आकडा चढला, लाल खुणेच्या अलीकडं अडखळला आणि तिथंच राहिला. टेम्पो खिंडीत पोचला.

वर आसिफ आधीच उतरला होता. गाडीच्या उजव्या कुशीतल्या हवेच्या तोंडात दोन बोटं घालून त्यानं झेंडूचा चुरगळलेला हार ओढून काढला.

"हा सत्कार कुणी केला?"

जाईबाईंनी पदर सावरला. "म्याच. नव्या गाडीला हार घातल्याबिगर ह्यांनी कधी डेपो सोडला न्हाई. सकाळी तुमी च्या घेत हुता तवा घातला. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्या कोनाड्यात नीट खोचला."

"आजी!" संजीवनी रडकुंडीला आली.

यास्मिन मॅडमनी हार हातात घेतला. "तुम्ही तर तिचं अर्धं नाकच दाबलंत, जाईआजी."

"लई चुकलं माझं. पोरीची मेहनत गेली का हो?"

"अर्ध्या नाकानं घाट चढली की! आणि आपल्याकडं गाडी घेणारा प्रत्येक जण हार घालणार, हे आम्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. संजीवनी, त्या तोंडांना जाळी लागेल." मग त्या गंभीर झाल्या. "पण बॅटरी आतून दुखावली असेल तर उपयोग नाही. उताराला ब्रेक दाबल्यावर ती वीज परत घेते का, बघू. घेतली, तर तुझीच योजना राहील."

चाचणीसाठी ड्रायव्हरशेजारच्या सीटवर कुणाचं तरी वजन हवंच होतं. आसिफनं दार वर उचललं. "बसा, आजी. तुमच्याएवढी घाटाची माहिती कुणाला आहे?"

"व्हय, आन हार घातल्याची शिक्षा बी हीच का?"

जाईबाई जमिनीलगतच्या त्या सीटवर कशाबशा बसल्या. समोरचा हिरवा आकडा बॅटरीतल्या विजेचा, एवढं संजीवनीनं वाकून सांगितलं.

गाडी उताराला लागली. जाईबाई सवयीनं नाकाला पदर लावून बसल्या. इथं ब्रेक जळल्याचा वास येणारच. वास आला नाही. आसिफनं ब्रेकवर पाय दाबला, गाडी हळू झाली, आणि हिरवा आकडा एकानं वाढला. पुढच्या वळणाला आणखी एकानं.

"अरं, ही तर उतरता उतरता पोट भरती!"

"घेतेय ना परत?" आसिफच्या फोनमधून मागच्या टेम्पोतल्या संजीवनीचा आवाज आला. "आजी, सांग ना!"

जाईबाई पुढं वाकून आकड्याकडं बघू लागल्या. आकडा पुन्हा वाढला.

"घेती गं बाई," त्या म्हणाल्या, "घेती!"