उरवायचा मासा

आईने लावलेला नेम पाळून चंद्रहास जोगळेकरने सत्तावीस वर्षांत अंड्यालाही हात लावला नव्हता, आणि त्या संध्याकाळी परदेशात, माउंट रॉस्किल नावाच्या उपनगरातल्या एका घरात त्याने अर्धाअधिक मासा फस्त केला. कशासाठी? तर सासू पटवायला.

लिन त्याच्याच ऑफिसात होती. दोघांना लग्न करायचं होतं, पण आईने हो म्हटलं तरच, असं ती पहिल्यापासून सांगत आली होती. आईने त्याला चिनी नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी जेवायला बोलावलं. या जेवणाला फक्त घरचीच माणसं बसतात हे कळल्यावर गडी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला.

दक्षिण गोलार्धातल्या जानेवारीचा उकाडा होता. दाराशी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, काढून तो आत गेला. टेबलावर डंपलिंग, चिकट तांदळाचा केक आणि मधोमध अख्खा मासा, डोळ्यांसकट. त्याच्यापुढे मात्र आईने वेगळा वाडगा ठेवला. मशरूम, टोफू, कमळकाकडी, अशा अठरा जिनसा.

"हे तुझं," लिन म्हणाली. "सकाळपासून ती यातच आहे."

शहाण्याने मुकाट्याने तो वाडगा संपवला असता. या शहाण्याला वाटलं, वेगळं वाढलं म्हणजे पंगतीबाहेर बसवलं. दोन घास खाऊन त्याने वाडगा बाजूला सारला आणि मासा वाढून घेतला. डोळे मिटून त्याने गिळलं.

थोड्या वेळाने सगळ्यांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. मासा निम्मा तसाच होता. अन्न टाकलं की रांधणारीचा अपमान, हे चंद्रहासच्या हाडीमासी खिळलेलं. त्याने थाळी ओढली, काट्यांपर्यंत साफ केली आणि वर हसून म्हणाला, "सुपर्ब, आंटी!" आईने थाळी उचलली आणि आत नेली.

"तो उरवायचा असतो," बसस्टॉपवर लिन म्हणाली. "उद्यासाठी. वर्षभर घरात काही शिल्लक राहावं म्हणून."

"मग आधी सांगायचं ना!"

"तू शाकाहारी. तुला माशाचं काय सांगणार?"

"आई चिडल्या?"

"मासा ती विसरेल." लिन रस्त्याकडे बघत होती. "तिने आत मला एवढंच विचारलं, स्वतःच्या आईने लावलेला नेम जो पहिल्याच जेवणाला मोडतो, तो तुला दिलेला शब्द किती दिवस पाळेल?"

"तुझ्यासाठी मोडला मी!"

"मी मागितलं होतं?" ती म्हणाली. "इथेच थांबू या आपण, चंद्रहास."

बस यायची ती आलीच. एक नेम मोडला, आणि तेलही गेलं, तूपही गेलं. संताप त्याला स्वतःचाच आला, आणि तो काढायला कुणी नव्हतं.

बसमध्ये पुण्याहून आईचा फोन आला. तिकडे दुपारचा दीड वाजला होता.

"जेवलास का रे? काय केलं होतंस?"

"वरणभात." दातात काटा अडकला होता, तो जिभेने निघेना.

"उरला असेल तर फ्रीजमध्ये ठेव हो, टाकू नकोस."

"नाही गं," तो म्हणाला. "काहीच उरलं नाही."