रिकामे डबे

कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला असलेल्या प्रीतमच्या तोंडून कधी कुणी 'नाही' ऐकलं नव्हतं. दुसऱ्याची पाळी करील, दुसऱ्याचं दुखणं काढील. स्वतःचं मात्र गिळून बसेल. म्हणूनच मानसोपचार वॉर्डातून घरी सोडताना डॉक्टर वैजयंतीबाईंनी त्याच्या बायकोला, भाविकाला, बाजूला घेतलं होतं. "पुन्हा मरायचे विचार आले, तर हा आरडाओरडा करणार नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून गप्प राहील. संशय आला की सरळ विचारा. विचारल्यानं काही वाईट होत नाही."

भाविका रोज ठरवी. रोज जीभ टाळूला चिकटे.

आज ती तान्ह्याला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती. प्रीतम शीळ घालत शेजाऱ्यांकडून भाजी घालून आलेले डबे घासत होता. किती दिवसांनी शीळ! तिला बरं वाटलं. मग तो ते डबे पिशवीत भरू लागला.

"कुठं निघालास?"

"ज्याचे त्याला देऊन येतो. कुणाचं काही आपल्याकडं राहायला नको."

त्यांच्या नावडे गावात भरून आलेला डबा रिकामा परत जात नाही. चिमूटभर साखर तरी घालायचीच. लग्नानंतर हे तिला त्यानंच शिकवलेलं. आणि आज तोच रिकामे डबे घेऊन निघाला होता. पोराला टॉवेलात गुंडाळून ती तशीच मागे धावली.

शेजारच्या पुतळामावशी ओटीवर सुक्या कोलंबीचे सोडे निवडत होत्या. त्यांनी डबा उघडला.

"काय रं, रिकामा? मी नाय घेत! जा, भरून आन. तुझे हातची खीर पायजे मना. उद्याच."

"उद्याचं नका सांगू, मावशी." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही.

भाविकानं ओलं पोर त्याच्या हातात दिलं. "प्रीतम, मरायचं मनात आहे का?"

तो पोराचं ओलं जावळ टॉवेलानं टिपू लागला.

"कालपासून," तो म्हणाला. "तुझी आधीच झोप होत नाही, म्हणून..."

"जळो ती झोप!" ती रडू लागली.

"येड्या," मावशी उठल्या, "चार घरची भाजी खाताना नाय लाजलास, आनि बोलायला लाजतोस? चल, डाक्टरीनबाईकडं. मी पन येतंय."

रिक्षात मावशी पुढ्यात तो डबा धरूनच बसल्या. मधे पोराला घेऊन प्रीतम. वळणावर तो हळूच म्हणाला, "भाविका, आज मला एकटं सोडू नकोस."

लग्नापासून त्यानं तिच्याकडं काही मागितल्याचं तिला आठवेना. तिनं त्याचा हात मांडीवर ओढून घेतला.

"आनि खिरीत वेलची घाल," मावशी म्हणाल्या. "मागचे टायमाला इसरलास."

"घालतो," प्रीतम म्हणाला.